घोरणारी मय्यत

मुडद्याची मला भीती वाटते, हे साठी उलटेपर्यंत मी कुणाला कळू दिलं नव्हतं. महापालिकेच्या मराठी शाळेत मी जन्मभर शिकवलं. त्यामुळे सोलापुरातल्या आमच्या मोहल्ल्यात मला शिकलेली बाई म्हणून मान आहे, आणि मयताच्या घरी शिकलेल्या बाईला बसून करण्यासारखी कामं पुष्कळ असतात.

मशिदीच्या भोंग्यावरून कुणी गेल्याचं कानावर पडलं, की मी दुपट्टा डोक्यावर ओढून सगळ्यांच्या आधी त्या घरी पोचायची. लोक म्हणत, बाईंचं मन मोठं. खरी गोष्ट अशी, की आधी पोचलं की काम निवडता येतं. आमच्यात बाई गेली तर तिला शेवटची आंघोळ बायकांनीच घालायची असते. तिला गुस्ल म्हणतात. त्यात पहिला हक्क लेकीसुनांचा, बहिणींचा, मग इतर जवळच्यांचा. हा हक्क मला कधीच नको होता. म्हणून मी गेल्या गेल्या एक सिपारा, म्हणजे कुराणाचा एक भाग, उचलायची आणि सगळ्यात आतल्या खोलीत वाचत बसायची. माझं अरबी वाचन पहिलीतल्या पोरासारखं, अक्षराला अक्षर लावत चालणारं. गुस्ल उरकून, कफन घालून, जनाजा दारात येईपर्यंत माझा सिपारा काही संपायचा नाही. ज्या बायका भराभरा वाचायच्या त्या बिचाऱ्या पुढच्या कामाला उठायच्या.

सिपारा मिळाला नाही, तर मी वर्तमानपत्रात द्यायची निधनवार्ता लिहायला घ्यायची. मयताच्या घरी कोपऱ्यात बसून ऱ्हस्व-दीर्घ तपासणारी बाई तुम्ही कधी पाहिली असेल, तर ती मीच.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मात्र निधनवार्ता लिहून भागणार नव्हतं. त्या दिवशी मला ताप आला. भीतीनं आला असेल, पण थर्मामीटरमध्ये कारण दिसत नाही. सासूबाईंना त्यांच्या लेकीनं, म्हणजे माझ्या नणंदेनं धुतलं. मी गोधडी पांघरून आतल्या खोलीत पडून राहिले आणि बाहेर तांब्यांचा आवाज ऐकत राहिले.

या नणंदेला मी आपा म्हणायची. आमच्या यांच्यापेक्षा त्या मोठ्या. लग्न होऊन मोडनिंबला गेल्या आणि तिथल्याच झाल्या. घरात आम्ही सगळे दखनी बोलायचो, आपा मात्र माहेरी आल्या तरी मोडनिंबचं मराठी बोलायच्या, आणि आवाज असा की बसस्टँडवर माईकची गरज नाही. मी आजी झाले तरी त्या मला दुल्हनच म्हणत. माझ्या कालवणात मीठ कमी, माझ्या भाकरीला पापुद्रा नाही, माझी पोरं वाळलेली, आणि मी सगळ्या जगाला शिकवते पण मला काही येत नाही, हे आपांचं मत मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं आणि पुढे त्यात त्यांनी काही बदल केला नाही. मीही गप्प बसणारी नव्हते. आम्ही दोघी एका स्वयंपाकघरात असलो की आमचे हे चप्पल घालून बाहेर पडायचे.

दोनेक वर्षांपूर्वी आपा मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडे आल्या होत्या. त्याच आठवड्यात मोहल्ल्यातल्या बायकांनी शादीखान्यात गुस्ल आणि कफन शिकवायचा वर्ग ठेवला. कारण साधं होतं. पूर्वी प्रत्येक गल्लीत मय्यत धुणाऱ्या दोन-तीन म्हाताऱ्या असायच्या. त्या एकेक करून स्वतःच गेल्या आणि मागे राहिलेल्या आम्ही सगळ्या माझ्यासारख्याच, आतल्या खोलीत बसणाऱ्या. माझी सून मेडिकलच्या दुकानात बसते, तिला कशाची किळस नाही की भीती नाही. तिनं आधीच चार-पाच वेळा हे काम केलं होतं. ती म्हणाली, अम्मी, तुम्ही यायलाच पाहिजे, तुम्ही आलात तर बाकीच्या येतील. मानाचा हा एक तोटा असतो. आपाही ऑपरेशनचा हिरवा चष्मा लावून निघाल्या. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितलं होतं, पण आपांनी कुणाचं ऐकलंय.

शादीखान्याच्या स्टेजवर, जिथं नवरा-नवरीच्या खुर्च्या असतात, तिथं लाकडी तख्त मांडलं होतं. शिकवणारी मुलगी फिजिओथेरपी करायची, म्हणजे एरवी जिवंत माणसांचे हातपाय वळवायची. तिनं छान समजावून सांगितलं. पाणी कोमट हवं, त्यात बोरीचा पाला उकळलेला असावा. मय्यतीच्या अंगावर कायम एक जाड कापड हवं, धुवायचं ते कापडाखालून. कुणाच्या अंगावर काय दिसलं, हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. हात हलका ठेवायचा, कारण मेलेल्या माणसालाही दुखतं असं समजून धुवायचं असतं. मग ती म्हणाली, आता करून बघू, कुणीतरी मय्यत व्हा.

सगळ्या बायकांनी खाली बघितलं. माझ्या वर्गातली पोरं पाढे विचारल्यावर बघायची तसंच. मीही बघितलं. एवढ्यात पहिल्या रांगेतून आपांचा आवाज आला. त्या म्हणाल्या, "हिला घ्या की. वजन न्हाय काय न्हाय, उचलाय सोपी हाय."

आता शंभरेक बायकांसमोर मी नाही कसं म्हणणार. मी चप्पल काढून तख्तावर आडवी झाले. भीती तर होतीच, पण त्याहून जास्त काळजी मोज्यांना टाचेशी पडलेल्या भोकांची होती. अंगावर कपडे तसेच होते, पाणी फक्त ओतल्यासारखं करायचं होतं. तरी डोळे मिटल्यावर भोवती बायकांचे पाय वाजू लागले आणि माझ्याविषयी बोलणं सुरू झालं, तेव्हा मेल्यावर काय होतं याची थोडी कल्पना आली. मेल्यावर माणसाला दुरुस्ती करता येत नाही. कुणीतरी म्हणालं, टाचा किती फुटल्यात बाईंच्या. कुणीतरी म्हणालं, केस रंगवतात वाटतं, मुळाशी पांढरे आहेत. सहा हातांनी मला डाव्या कुशीवर वळवलं, म्हणजे उजवी बाजू वर येते आणि ती आधी धुता येते. मला गुदगुल्या झाल्या, मी ओठ चावून पडून राहिले.

मग कफन. पुरुषाला तीन कापडं, बाईला पाच. ती कशी अंथरायची, कुठलं आधी गुंडाळायचं, डावी बाजू आधी आणि उजवी वर, हे ती मुलगी सावकाश सांगत होती. वरती पंखा फिरत होता. पहाटे उठून मी सगळ्यांचा स्वयंपाक करून आले होते. पांढरं कापड तोंडावर आलं, उजेड मऊ झाला, आणि माझं लग्न झाल्यापासून पहिल्यांदा मला भरदिवसा असं कुणीतरी गुंडाळून, काही काम न सांगता, आडवं ठेवलं होतं. मला झोप लागली.

पुढचं मला सांगितलेलं आहे. ती मुलगी, आता मय्यत जनाज्याच्या नमाजसाठी तयार झाली, असं म्हणत होती आणि कफनातून घोरण्याचा आवाज आला. उशिरा आलेली एक बाई नेमकी त्याच वेळी दारातून आत शिरत होती. तिला वर्गाचं काही माहीत नव्हतं, ती आल्या पावली परत गेली आणि नंतर तिला आणायला दोघींना पाठवावं लागलं. मला जाग आली ती हसण्यानं. तोंडावरचं कापड काढलं तर शिकवणारी मुलगी भिंतीकडे तोंड करून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते. आपा इतक्या हसल्या की डोळ्याला धार लागली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, डोळ्याला काय केलंत. आपांनी माझ्याकडे बोट केलं.

घरी जाताना रिक्षात आपा बराच वेळ हसत होत्या, मग एकदम म्हणाल्या, "दुल्हन, म्या गेल्यावर मला तूच धुवायचं."

मी म्हणाले, "तुमच्याआधी मीच जाईन, आपा."

"तू जातीस कुटं? तू घोरत पडतीस." मग त्यांनी हिरवा चष्मा काढून पदराला पुसला आणि म्हणाल्या, "जनमभर माझी बोलणी खाल्लीस. एकदा मी गप पडलेली आसंन. तवा धुवून काढ की मला."

मी हो म्हणाले. आपांची तब्येत दगडासारखी होती. डोळा सोडला तर त्यांना कसलं दुखणं नव्हतं, त्यामुळे हो म्हणायला मला काही जड गेलं नाही.

त्या वर्गामुळे माझी दोन नावं झाली. पोरं मला लपून घोरणारी मय्यत म्हणत. मोठी माणसं म्हणत, बाईंनी ट्रेनिंग केलंय. दुसरं नाव जास्त त्रासाचं निघालं. गुस्ल करणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये मला घेतलं गेलं आणि कुणी गेलं की निरोप येऊ लागले. मी गुडघा पुढे केला. मग बीपी. एकदा गच्चीवर पापड वाळत घातलेत, सोडून येता येत नाही, असं मी ग्रुपवर लिहिलं, आणि ते पावसाळ्यात लिहिलं. सून फक्त माझ्याकडे बघून कामावर गेली.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी मोडनिंबहून फोन आला. आपा पहाटेची नमाज पढून जरा आडव्या झाल्या होत्या. लेक चहा घेऊन गेली तर त्या गेलेल्या होत्या.

आमचे हे भिंतीला टेकून बसले. कुणी गेल्याचं कळल्यावर म्हणतात ते इन्ना लिल्लाहि मी म्हटलं, आणि मला रडू यायच्या आधी आठवलं की मी हो म्हणाले होते.

गाडीत आम्ही तिघं होतो. हे पुढे ड्रायव्हरशेजारी, मी आणि सून मागे. आपांना मुलगा नाही, मालक आधीच गेलेले. एकच लेक, ती गावातच दिलेली. ऊन असं होतं की हायवे पुढे पाण्यासारखा हलत होता. अशा दिवसात मातीला उशीर करायचा नाही, दुपारच्या नमाजनंतर लगेच दफन, असं ठरलं होतं. मी मनात हिशेब मांडला होता, की सून पुढे होईल, सगळं करेल, मी एखादा तांब्या ओतेन आणि माझा शब्दही राहील. कुठल्याशा फाट्याजवळ सून माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अम्मी, मला आज अडचण आली. मला आत येता येणार नाही."

पाळी असलेल्या बाईनं शक्यतो मय्यतीला आंघोळ घालू नये, दुसरी कुणी असेल तर तिनं घालावी, असं आमच्यात मानतात. मी तिला विचारलं की मोडनिंबमध्ये दुसरी कुणी असेल ना. ती म्हणाली, असेल. मग आपांच्या लेकीला फोन लावला. लेक रडत सांगत होती, की गावात आपली घरं मोजकीच, सगळ्यांना धुणारी बाई अम्मीच होती, आता मामी तुम्ही येताय ना, तुम्ही शिकलाय ना.

मी ड्रायव्हरला गाडी हळू चालवायला सांगितलं. ह्यांनी मागे वळून बघितलं.

आपांच्या अंगणात लिंबाखाली तख्त मांडलं होतं. चारी बाजूंनी दोऱ्या बांधून सोलापुरी चादरींचा आडोसा केला होता. शेजारची मराठ्याच्या घरातली मावशी, आपांची जुनी मैत्रीण, तीन दगडांच्या चुलीवर पाणी तापवत बसली होती. बोरीचा पाला तिनंच आपल्या बांधावरून तोडून आणला होता. मला बघून ती उठली आणि मला मिठी मारून म्हणाली, की तुमची लई आठवण काढायची. काय आठवण काढायच्या, हे मी विचारलं नाही.

आपांना आत आणलं. आडोशात आम्ही तिघी होतो. मी, लेक, आणि पाणी ओतायला गल्लीतली एक तरणी सून. माझी सून चादरीच्या बाहेर उभी राहिली. ती म्हणाली, मी इथून सांगते अम्मी, तुम्ही फक्त करत जा.

गेलेलं माणूस झोपल्यासारखं दिसतं म्हणतात. आपा झोपल्यासारख्या दिसत नव्हत्या. झोपल्या की त्यांचं तोंड उघडं असायचं. लेकीनं हनुवटीखालून पट्टी बांधली होती, त्यामुळे ते तोंड मी पहिल्यांदाच बंद बघत होते. मी तख्ताला धरलं. ही भीती कशाची, हे मला आजही नीट सांगता येत नाही. आपा उठून बसतील ही भीती नव्हती. त्या काही बोलणार नाहीत, आणि आपण मात्र त्यांना हात लावणार, याची होती.

हाताला कापडाची पिशवी चढवली. कापडाखालून आधी पोटाखालचं धुतलं, न बघता. मग वुजू, म्हणजे नमाजच्या आधी तोंड-हात धुतो तसं. तोंडात आणि नाकात पाणी घालायचं नसतं, ओल्या कापसानं पुसायचं असतं. मी कापूस घेतला आणि सवयीनं म्हणाले, "आपा, जरा तोंड इकडं करा."

लेक हुंदका देता देता हसली. पाणी ओतणारी सून घाबरून माझ्याकडे बघू लागली. बाहेरून माझ्या सुनेनं विचारलं, काय झालं. मी म्हणाले, काही नाही.

चमकी निघेना. अंगावर दागिना ठेवायचा नसतो. बांगड्या लेकीनं साबण लावून काढल्या होत्या, पण नाकातली चमकी मळसूत्राची आणि लग्नापासूनची. ती आपण कधी काढली नाही, न्हाताना नाही की बाळंतपणात नाही, हे आपा मला सांगत आल्या होत्या, कारण मी माझी चमकी शाळेत जाताना काढून ठेवायची. लेकीनं दोनदा फिरवून बघितली आणि ती बाजूला सरकली. मी चष्मा पुसला, खोबरेल तेलाचा थेंब सोडला, एक बोट आपांच्या नाकपुडीत घातलं आणि दुसऱ्या हातानं फिरवू लागले. मला घरी सुईत दोरा ओवता येत नाही, सून ओवून देते. किती वेळ गेला कुणास ठाऊक. फिरकी सुटून माझ्या तळहातावर पडली, तेव्हा माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी आपांच्या चेहऱ्यावर वाकून बसले आहे आणि माझा श्वास त्यांच्या गालाला लागतो आहे, आणि मला काही होत नाही.

काही होत नाही म्हणेपर्यंत चूक झाली. बाहेरून सून म्हणाली, आता उजवी बाजू धुवा. मी विचारलं, माझी उजवी की त्यांची. ती म्हणाली, त्यांची. मी तख्ताच्या पायाशी उभी होते, तिथून माझी उजवी म्हणजे त्यांची डावी. मी तिकडे पाणी ओतायला सांगितलं आणि मग लेकच म्हणाली, मामी, ही डावी आहे. पहिलीच्या वर्गाला मी वर्षानुवर्षं डावं-उजवं शिकवलं. जेवायचा हात कुठला, हे विचारून शिकवायची. शेवटी मी आपांचा उजवा हात हातात घेतला, ज्या हातानं त्या माझ्या ताटातली भाकरी उचलून उजेडात धरायच्या आणि पापुद्रा शोधायच्या, तो. मग चूक झाली नाही. त्यांना डाव्या कुशीवर वळवलं, उजवी बाजू धुतली, मग डावी.

मावशी बाहेरून पाण्याची बादली आत सरकवत होती. प्रत्येक वेळी म्हणायची, "हात घालून बगा, चटका बसंल तिला." शेवटच्या पाण्यात कापूर घालायचा असतो, तो मी मागितला तेव्हा तिनं विचारलं, कापूर तुमच्यातबी लागतो व्हय. मग घरातून देवघरातली डबी घेऊन आली. आमचा कापूर सोलापूरच्या पिशवीत होता, पण मी तिचाच घातला.

खरी पंचाईत कफनाला आली. कापडं लेकीच्या नवऱ्यानं आणून, कापून ठेवली होती. माझ्या सुनेनं बाहेरून सांगायला सुरुवात केली आणि तेवढ्यात मशिदीतली अजान झाली, मग पुरुषांचे आवाज, गाडी मागे घ्या, खुर्च्या काढा, आणि त्या गलक्यात मला तिचं एक अक्षर ऐकू येईना. माझ्यासमोर पाच पांढरी कापडं. मी शिकवणीला गेले होते, पण समोर उभी राहून बघणाऱ्यांत मी नव्हतेच. कफनाचा धडा मी आतून घेतला होता, आणि तोही अर्धा झोपेत.

मग मी डोळे मिटले आणि शादीखान्यातल्या तख्तावर परत आडवी झाले. सगळ्यात आधी अंगाला काय लागलं होतं? गळ्यातून आलेला बिनबाह्यांचा कुर्ता. मग केस दोन भाग करून छातीवर घेतले, आणि डोक्यावरून ओढणी. मग एक मोठं कापड डावीकडून आणि मग उजवीकडून. मग छातीपासून खाली एक पट्टा, कारण तिथं गुदगुल्या झाल्या होत्या. मग सगळ्यांवरून सर्वांत मोठं कापड, आणि मग तो मऊ उजेड. अंगाला जे शेवटी लागलं ते खाली आधी अंथरायचं. मी उलट क्रमानं कापडं अंथरली. बाहेरचा गलका कमी झाल्यावर सुनेनं विचारलं, काय काय अंथरलंत. मी सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे अम्मी.

कपाळाला, नाकाला, तळहातांना, गुडघ्यांना, पायांना, म्हणजे नमाजमध्ये जमिनीला टेकतात त्या जागांना कापूर लावला. केस मेंदीनं लाल झालेले होते आणि मुळाशी पांढरे. मी ते विंचरले नाहीत, विंचरायचे नसतात, हातानंच दोन भाग केले. टाचा फुटलेल्या होत्या. हे मी सांगायला नको होतं, पण आपांनी माझ्या टाचा गावभर सांगितल्या होत्या, तेव्हा त्या रागावणार नाहीत.

तोंड उघडं ठेवून सगळ्या बायकांना शेवटचं बघू दिलं. मावशीनं हात जोडले आणि मग काय वाटलं कुणास ठाऊक, आमच्यासारखे दोन्ही तळहात पसरून काहीतरी पुटपुटली. मग पुरुषांनी कलमा पढत जनाजा उचलला, तो गल्लीच्या तोंडाशी वळला आणि दिसेनासा झाला. आमच्याकडे बायका कब्रस्तानात जात नाहीत. चिंब भिजलेल्या कपड्यांनिशी मी अंगणात उभी राहिले आणि हातातली कापडाची पिशवी कुठं टाकायची हे विचारायला मला कुणी सापडेना.

मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारी जेवण आणतात. मावशीनं पिठलं, भाकरी आणि ठेचा आणला. मी आंघोळ करून लेकीची साडी नेसून बसले आणि जेवले, ती अशी जेवले की लेकीनं आपल्या ताटातली अर्धी भाकरी मला दिली. भाकरीला पापुद्रा सुटलेला होता. मला लाज वाटत होती आणि भूक काही थांबत नव्हती.

हे संध्याकाळी परत आले. पायजम्याला गुडघ्यापर्यंत माती. बाईला कबरीत उतरवताना वर चादर धरतात आणि तिला हात तिच्या रक्ताच्या माणसांनी लावायचा असतो. हे कबरीत उतरले होते. वर शहाबादी फरश्या बसवल्या, सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती टाकली, जमीन कडक होती, खोदणाऱ्यांना सकाळपासून लागावं लागलं, असं त्यांनी सावकाश सांगितलं. मग ओट्यावर माझ्याशेजारी बसून विचारलं, "तू धुतलंस?"

मी हो म्हणाले.

"भीती नाही वाटली?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मी कधी त्यांना सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "अम्मी गेली तेव्हा आपानं मला सांगितलं होतं. दुल्हन भितीय, तिला आत बोलावू नका, मी करते म्हणाली."

मला रडू फुटलं. त्या रडण्यात थोडा रागही होता, हे मला कबूल केलं पाहिजे. इतकी वर्षं सिपारे, निधनवार्ता, पापड, आणि ह्या भावाबहिणीला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत. एवढी मेहनत मी कुणासाठी केली?

आता मी जाते. ग्रुपवर निरोप आला की बीपीची गोळी घेते आणि जाते. भीती गेली असं मात्र झालं नाही. परवा मागच्या गल्लीतली एक म्हातारी गेली. तिच्या घरच्या बायका आडोशाबाहेर एकमेकींना ढकलत उभ्या होत्या. मी त्यांना सरळ सांगितलं, की मलाही भीती वाटते, कुणीतरी माझ्यासोबत आत चला. एक म्हणाली, मलाही वाटते. दुसरी म्हणाली, मला वाटलं मला एकटीलाच. मग सगळ्याच आत आल्या आणि तख्ताभोवती इतकी गर्दी झाली की तांब्या फिरवायला जागा उरेना. माझ्या सुनेनं वैतागून दोघींना बाहेर काढलं. त्यांतली एक मी. मी चादरीबाहेर उभी राहिले आणि आत कापूर देत राहिले.